पेटीतली वाघीण

गणगे सरांनी मला फसवलं. नुसतं मला नाही, औसा तालुक्यातल्या एका पत्र्याच्या गावाला फसवलं, स्वतःच्या क्लासच्या पोरांना फसवलं आणि त्या पोरांच्या आईबापांनाही फसवलं. सरकार जी वस्तू फुकट देत होतं ती त्यांनी विकली. जी वस्तू माझ्या सहीवर आली होती ती दाबून ठेवली. संपादकांनी मला सहलीच्या धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत, लिहितो. पण कोणी कोणाला फसवलं हे आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी मधूनमधून का तापतो ते वाचणाऱ्याला कळेल.

मी उमरीचा. बाप हमाल. हिमायतनगरला सागवानाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो तेव्हा झाड म्हणजे माझ्या लेखी आडवं पडलेलं लाकूड होतं. पुढे ड्रायव्हर झालो, जुनी मेटॅडोर घेतली, मग नांदेडला स्टेशनजवळ टेबलखुर्ची टाकून सहली काढू लागलो. माझी गाडी देवस्थानांना जायची. जंगलाकडे मी वळलो तो गिऱ्हाइकांमुळे, आणि तिथे टिकलो तो एका माणसाशी भाव करताना हरलो म्हणून.

तो माणूस म्हणजे राऊत साहेब. चंद्रपूरकडच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी माहिती केंद्र आहे, त्याचे प्रमुख. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर जंगलाच्या नकाशांचा गठ्ठा होता. पाणवठे, रस्ते, कुठे बांबू, कुठे गवताळ माळ, सगळं रंगीत.

"कितीला?" मी विचारलं.

"फुकट."

"मग दोन द्या."

"दहा न्या. गाडीत बसलेल्या सगळ्यांना द्या."

फुकट शब्द ऐकला की मला आधी संशय येतो. मी नकाशा उलटापालटा करून बघितला, कुठे औषधाच्या कंपनीची जाहिरात आहे का ते. नव्हती. राऊत साहेब म्हणाले, "आणखी काय पाहिजे ते बोला." पक्ष्यांची यादी निघाली, झाडांच्या पानांचा तक्ता निघाला. आदल्या दिवशी कळवलं तर साहेब स्वतः दालनात बसून तासभर जंगल समजावून सांगत, तेही फुकट. घासाघीस करायला जागाच ठेवली नव्हती त्या माणसाने. आयुष्यात एकदाच मी असा निःशस्त्र उभा राहिलो.

बाहेरच्या माणसाला धंद्याची गोष्ट सांगतो. जंगलात जायला पैसे लागतात. डिझेल आहे, प्रवेश आहे, आत फिरवणारी गाडी आणि वाटाड्या आहे. जंगल कळायला मात्र पैसे लागत नाहीत. नव्वद टक्के सहलवाले गिऱ्हाइकाला ते सांगत नाहीत, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर कमिशन नसतं. आता तर सगळं फोनवर आलंय. नकाशे, प्राण्यांच्या फिल्मा, पक्ष्याचा आवाज ऐकवला की नाव सांगणारी ॲपं, सगळं बिनपैशाचं. तरी लोक विचारतात, "मालक, वाघाची गॅरंटी हाय का?"

नांदेडचे एक कापडदुकानदार सहकुटुंब आले होते. वाघ दिसला नाही. परतताना अर्धापूरला केळी घ्यायला गाडी थांबवली, तर खाली उतरून म्हणाले, "भाडं कमी करा. ठरलेला माल दिला न्हाई तुम्ही."

मी म्हणालो, "शेठ, तुम्ही देवाला जाता. देव बोलला न्हाई म्हणून एसटीच्या तिकिटाचे पैसे परत मागता का?"

"देव दिसतो तरी!"

"दगडाचा दिसतो. तसा वाघ केंद्राच्या भिंतीवर दाखवला की मी तुम्हाला."

त्यांची म्हातारी आई गाडीतून हसली. तिने सगळ्या वाटेने तो फुकटचा पानांचा तक्ता मांडीवर घेतला होता, आणि खिडकीतून दिसेल ते झाड बोट लावून ओळखत होती. तिचे पैसे वसूल झाले होते. मुलाचे कधीच झाले नसते.

आता पेटी. राऊत साहेबांनी स्वतःच्या हौसेने एक लाकडी पेटी तयार केली होती. आत स्लाइड दाखवायचं यंत्र, स्लाइडा, जंगलातल्या आवाजांची कॅसेट, कापडावर काढलेला मोठा नकाशा, लोकांना वाटायला तेच फुकटचे नकाशे, याद्या आणि तक्ते, आणि पायांचे ठसे. चिखलात उमटलेल्या ठशात प्लास्टर ओतून काढलेले खरे ठसे, सांबराचा, अस्वलाचा, रानकुत्र्याचा आणि एका वाघिणीचा. जंगलापर्यंत येऊ न शकणाऱ्या गावांसाठी ही पेटी उसनी मिळायची. सही करायची, हिवाळ्यात न्यायची, उन्हाळ्याआधी आणून द्यायची. भाडं शून्य. अट एकच, दाखवताना कोणाकडून काही घ्यायचं नाही.

भूकंप होऊन वर्ष झालं होतं. किल्लारीच्या बाजूला मदतीचं सामान वाहताना मी बरीच गावं बघितली होती, त्यातलं एक मनात राहिलं होतं. लोक पत्र्याच्या शेडांत राहायचे, पण झोपायला बाहेर यायचे. डोक्यावर पत्रा असला तरी त्यांना दगडी माळवदच दिसायचं. रस्त्याने ट्रक गेला, जमीन हादरली, की अख्खी रांग उठून उभी. मी राऊत साहेबांना हे सांगितलं. त्यांनी पेटी माझ्या गाडीत चढवली.

शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत धोतर ताणून बांधलं आणि स्लाइडा लावल्या. पोरं ओरडली, बाप्ये हसले. पण खरी गोष्ट झाली ती कॅसेटवर. सांबराने धोक्याची हाळी दिली, खणखणीत, आणि घाबरून दोनतीन बाया उठल्या. तेव्हा सोजरआक्का बोलल्या. त्यांचा मुलगा, सून आणि घर, सगळं त्या पहाटे गेलं होतं. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"बसा गं! ह्यो आवाज गळ्यातनं यायलाय. त्या दिसाचा भुईतनं आला हुता. गळ्याच्या आवाजाचं काय भ्याव? लाव रे नाना, आनिक लाव."

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, "ह्ये जनावर खरं हाय का रे? का यंत्रातलं?"

"खरं हाय आक्का. तुम्हाला नेतो एक दिवस."

"बोललास बरं का. माझ्या ध्यानात ऱ्हातंय."

दुसऱ्या हिवाळ्यात गावात दाखवायला म्हणून पुन्हा पेटी उसनी घेतली. तोवर मी राऊत साहेबांशी बोलून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला अख्खं गाव आणतो. साहेब म्हणाले, "प्रवेश माफ करून घेण्याचं माझ्याकडे. पेटी परत आली की लगेच कागद वर पाठवतो. पेटीचं वेळेवर येणं हाच तुमचा शब्द समजला जाईल." म्हणजे गावाची सहल त्या पेटीवर टांगलेली होती. हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गणगे सरांना मी हेच सांगितलं होतं.

तेव्हा लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. एकेका खोलीत पोरं अशी भरलेली की वही उघडायची तर शेजाऱ्याने श्वास आत घ्यावा. सगळ्या महाराष्ट्रातून आईबाप पोरांना आणून सोडत होते. मेसवाले, खोलीवाले, झेरॉक्सवाले सगळे मोठे झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू. सुट्टीत पोरं घरी नेणाऱ्या गाड्या माझ्या होत्या. गणगे सर जीवशास्त्र शिकवायचे. शिकवायचे चांगलं, हेही मान्य करतो. त्यांनी गावातल्या कार्यक्रमाबद्दल ऐकलं आणि मला बोलावून घेतलं.

"मालक, एक दिवस आमच्या मुलांना दाखवू या. परवा पेटी परत."

मी दिली. परवा गेला, आठवडा गेला. मी गेलो तर पेटी क्लासच्या दर्शनी खोलीत. वरून निळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत क्लासचं नाव. बाजूला फलक, "वन-अभ्यास किट, सर्व विद्यार्थ्यांस सक्तीचे." किट म्हणजे काय? राऊत साहेबांचा फुकट नकाशा, पक्ष्यांची यादी आणि पानांचा तक्ता, काळापांढरा झेरॉक्स करून, वर चकचकीत कव्हर घालून. त्याला फी होती. ठशांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. प्रॅक्टिकलला जसं स्पॉटिंग असतं, बरणीसमोर उभं राहून नाव लिहायचं, तशी ठशांची परीक्षा.

"सर, पेटी द्या."

"अहो, सरकारी वस्तू आहे. सरकारी वस्तूला कोण विचारतं? तिथे पडून धूळच खाल्ली असती. इथे निदान उपयोग होतोय."

"माझी सही हाय तिच्यावर. तिच्यापायी एक गाव अडकून पडलंय."

"गावकऱ्यांना काय करायचंय जंगल? त्यांना आधी घरं बांधू द्या."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी कुठे ठेवला हे मला आठवत नाही, पण भिंतीवर डाग बराच काळ होता असं नंतर पोरांनी सांगितलं. शिपायांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं. केंद्रातून निरोप आला की पेटी आली नाही, कागद थांबलाय. आणि पत्र्याच्या गावातून निरोप आला, सोजरआक्कांचा. "नानाला म्हनावं, हिवाळा सरायलाय."

मी घरी येऊन भिंतीशी भांडत होतो. बायको, शकुंतला, शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "तुमचं तोंड म्हंजे फटाक्याची माळ. वाजती लई, पण शेवटी झाडून घ्यायला लागतंय. भांडून पेटी येत न्हाई. भाव करून आणा."

"त्याच्याशी कसला भाव? पेटी माझीच हाय!"

"मग त्यालाच आणून द्यायला लावा. त्याला काय आवडतं?"

मी विचार केला. गणगे सरांना एकच गोष्ट आवडायची, परीक्षा. ते लग्नाला गेले तर जेवणाच्या पंगतीतही पोरांना प्रश्न विचारत. मी उठलो, स्वच्छ शर्ट घातला आणि दुसऱ्या दिवशी हसत क्लासवर गेलो.

"सर, झालं गेलं जाऊ द्या. तुमची सहल नेतो, राष्ट्रीय उद्यानात. भाडं इतकं कमी लावतो की लातुरात दुसरा कोणी उभा ऱ्हाणार न्हाई."

सरांचे डोळे बारीक झाले. "अट?"

"अट कसली? उलट सुचवतो. पालकांना संगं घ्या. तिथं दालन मिळतं, मी ठरवून देतो. खऱ्या जंगलाच्या दारात, पालकांसमोर तुमची स्पॉटिंगची परीक्षा! सगळ्या लातुरात हाय का असा कोणी सर?"

"पेटी न्यावी लागेल."

"आता ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणालो. "नसेल जमत तर ऱ्हाऊ द्या."

ही शेवटची ओळ धंद्यात फार कामाची आहे. गिऱ्हाइकाला वस्तू घ्यायचीच असली की आपण ती थोडी मागे ओढायची. सर म्हणाले, "का नाही जमणार? गाडीत चढवा." पेटी कुठल्या केंद्रातून आली हे त्यांनी मला कधी विचारलंच नव्हतं. वनखातं म्हणजे नांदेडच्या कुठल्या तरी कचेरीचं गोदाम, असं त्यांनी धरून चालवलं होतं. मीही ते तसंच धरू दिलं.

गाड्या लातूरहून निघाल्या. पोरं वाटभर पाठ करत होती. जंगलाची हद्द लागली, चितळांचा कळप रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तरी निम्म्या माना झेरॉक्समध्ये. एक आई मुलीला म्हणाली, "अगं, ते बघ की हरण!" मुलगी म्हणाली, "आई, डिस्टर्ब नको करूस, हरण मला येतं."

केंद्राच्या दारात पहिला धमाका सरांनी आपल्याच हाताने ओढवून घेतला. आत जाताना टेबलावर तेच नकाशे, तीच यादी, तोच तक्ता, रंगीत, आणि वर पाटी, "घेऊन जा." लातूरच्या मोंढ्यातले एक आडते पोरासोबत आले होते. त्यांनी नकाशा उचलला, पिशवीतलं किट काढलं, दोन्ही शेजारी धरले. आडत्याची नजर, त्याला माल ओळखायला वेळ लागत नाही.

"ओ सर, ह्ये तर इथं फुकट वाटायलेत!"

"ती जुनी आवृत्ती आहे," सर म्हणाले.

"जुनी रंगीत आन् नवी काळी? असली नवी आमच्या मोंढ्यात कोणी घेत न्हाई."

तोवर माझ्या ड्रायव्हरने पेटी दालनात नेली होती आणि सरांनी ठसे नंबरवार मांडले होते. दार उघडून राऊत साहेब आले. पेटीबद्दल मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगतो. त्यांच्यावर माझा तेवढा भरवसा होता. ते मांडणीजवळ आले, थांबले, वाकले. चार नंबरचा ठसा उचलून उलटा केला. प्लास्टर ओतताना त्यात सागाच्या पानाचा एक तुकडा अडकला होता, तो मागून दिसायचा. साहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी वाघीण आहे," ते म्हणाले. "कुठे होती इतके दिवस?"

पोरं, पालक, सगळे मांडणीजवळ सरकले. सर म्हणाले, "आम्ही जपून ठेवली होती."

"निळा रंगही जपण्यासाठीच लावला का?"

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. इतक्या दिवसांत बोलायच्या म्हणून साठवलेल्या शिव्या तोंडात होत्या. एकही वापरावी लागली नाही. शिव्या शिल्लक राहाव्यात आणि काम व्हावं, असा सौदा पुन्हा कधी जमला नाही.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "परीक्षा घ्यायचीच आहे ना? घेऊ." त्यांनी ठशांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि ठशांच्या जागा बदलल्या. "हा कोणाचा?"

"अस्वल!" सगळी पोरं एका सुरात. पहिल्या जागेवरचं ते अस्वल, असं पाठ होतं. समोर सांबराचा खूर होता.

"आणि हा?"

"सांबर!" समोर अस्वल होतं, पाच बोटं आणि लांब नखं घेऊन.

आडते कपाळावर हात मारून हसले. मग ती गाडीतली मुलगी, हरण येणारी, पुढे आली. गुडघे टेकून बसली आणि पहिल्यांदाच ठशाकडे बघितलं. नखांच्या खुणांत बोट घातलं. "सर, याला नखं दिसतात. वाघिणीला नाहीत. का?"

"वाघीण चालताना नखं आत ओढून घेते," राऊत साहेब म्हणाले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बघता बघता सगळी पोरं जमिनीवर. परीक्षेच्या उत्तरपत्रिका त्यांनी ढुंगणाखाली घेतल्या, फरशी गार होती म्हणून. तासाचं बोलणं दुपारपर्यंत चाललं. गणगे सर बाहेर पायरीवर एकटे बसले होते. परतीच्या वाटेवर आडत्यांनी सगळ्या पालकांना जमवलं, आणि लातूर यायच्या आत सरांनी किटची फी परत करायचं कबूल केलं. पेटी केंद्रातच राहिली. मी तिथेच तिचा निळा रंग खरवडला, बराचसा निघाला.

कागद वर गेला, मंजूर होऊन आला. पत्र्याचं गाव माझ्या गाडीत बसलं, आणि त्या खेपेचं डिझेल मी घातलं. सोजरआक्का पुढच्या सीटवर. राऊत साहेबांनी सगळ्यांना पाणवठ्याजवळच्या मचाणाखाली नेलं आणि बोलू नका म्हणाले. कडेच्या झाडीतून सांबर ओरडलं. खरं, गळ्यातून. पोरांनी एकमेकांचे हात धरले. आक्कांनी मान हलवली, जणू ओळखीचं माणूस भेटलं.

"त्योच हाय," त्या म्हणाल्या. "यंत्रातला न्हाई."

दुपारी एका मोहाच्या झाडाखाली सगळ्यांनी भाकरी खाल्ली आणि आक्का तिथेच आडव्या झाल्या. गाढ झोपल्या. गावातली माणसं त्यांच्याकडे बघत राहिली, कारण त्यांना असं झोपलेलं भूकंपानंतर कोणी बघितलं नव्हतं. गाडी सुटायची वेळ झाली तरी त्यांना उठवायला कोणी तयार होईना. मी माझ्या आयुष्यात फक्त एकदा गाडी उशिरा सोडली आहे, ती त्या दिवशी.

गोष्ट इथे संपली असती तर मी तापलो नसतो. पण मधे बरीच वर्षं गेली आणि लातुरात एका मोठ्या समारंभात गणगे सरांना शाल मिळाली. जिल्ह्यात निसर्गशिक्षणाची पेटी प्रथम फिरवल्याबद्दल! सरांनी भाषणात सांगितलं की पेटी त्यांनी स्वखर्चाने बनवली आणि भूकंपग्रस्त खेड्यांत नेली. मी मागच्या रांगेत होतो. उठलो, तर शकुंतलेने माझा सदरा ओढून बसवलं. आता ते फोनवर जंगलाचा कोर्स विकतात. आतले नकाशे खात्याच्या साइटवरून उतरवलेले, फुकटचे. परवा माझ्या नातवाने तो कोर्स दाखवला. त्यात चार नंबरला वाघिणीच्या ठशाचं चित्र आहे. मागून काढलेलं, सागाच्या पानाच्या तुकड्यासकट.

सोजरआक्का आता नाहीत. गाव पत्र्यातून पक्क्या घरांत गेलंय, मधल्या चौकात पार आहे. गणगे सर, तुम्ही वाचता हे मला माहीत आहे, दिवाळी अंक तुमच्या क्लासवर येतात. पैसे नकोत मला, शालही नको. त्या पारावर एकदा या. गाव जमवायचं माझ्याकडे, गाडी माझी, भाडं नाही. आणि तिथे उभं राहून सांगा, त्या हिवाळ्यात हे लोक कॅसेटची वाट बघत बाहेर थंडीत झोपत होते, तेव्हा त्यांचं जंगल तुम्ही कोणाला विचारून कुलपात ठेवलं होतं? मला उत्तर पाहिजे. तोंडपाठ नको.